पेटिंग झोनमधील सशांचे हाल आणि अपुऱ्या सेवेबाबत तक्रार

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: (१) पेटिंग झोनमधील प्राण्यांची हेळसांड तातडीने थांबवण्याबाबत. (२) ‘कपल कॉम्बो’ तिकिटात जाहीर केलेल्या सुविधा न दिल्याने परतावा मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी आणि माझे पती आपल्या पार्कमध्ये आलो होतो. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. पती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहेत. लाळ्या-खुरकुतच्या लसीकरणाच्या फेऱ्या, रात्री-अपरात्री अडलेली म्हैस, यांतून त्यांना अख्खा रविवार मोकळा मिळणे फार कठीण असते. आम्हा दोघांनाही जनावरांची आवड आहे, म्हणूनच प्राण्यांवर बेतलेले आपले पार्क निवडले. त्यांचे काम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी स्वतः हात लावून तपासलेल्या आहेत.

पैशांची तक्रारही आहे. पण पहिली तक्रार सशांची आहे आणि माझे सगळे पैसे परत केलेत तरी ती मिटणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही पेटिंग झोनमध्ये, म्हणजे प्राण्यांना हात लावून कुरवाळता येते त्या भागात गेलो. वर पत्र्याचे शेड, खाली कृत्रिम हिरवळ, तीन बाजूंना जाळी. पंखा नव्हता, कूलर नव्हता. त्या जागेत तीसेक ससे आणि काही गिनीपिग एकत्र सोडलेले होते आणि त्यांच्यामध्ये पन्नासेक माणसे, बहुतेक लहान मुले. लपायला एकही जागा नाही. ससा हा बिळात राहणारा, घाबरट प्राणी. भीती वाटली की त्याला आडोसा लागतो. इथे आडोसा म्हणून भाजीचा एकच प्लास्टिक क्रेट पालथा पडला होता आणि त्याच्यामागे पाच-सहा ससे एकमेकांत घुसून बसले होते. आपला कर्मचारी दर थोड्या वेळाने त्यांना तिथून ओढून काढून पुन्हा मधोमध ठेवत होता, कारण आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ससे समोर दिसले पाहिजेत, असे त्याला सांगितलेले होते.

त्यांतला एक पांढरा ससा तोंड उघडून श्वास घेत होता. मान मागे टाकलेली, नाकाभोवतीचे केस ओले, पोट भराभर वरखाली होत असलेले. मला वाटले तो दमला असेल. माझे पती मात्र ताडकन उठले. ससा नाकाने श्वास घेतो. त्याने तोंड उघडले म्हणजे जिवावर बेतलेले असते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो, आणि त्या दुपारी पत्र्याखाली आमच्याच अंगाची लाही होत होती. त्याच्या कानांना मी हात लावला. कान चटका बसावा इतके तापलेले होते, आतल्या शिरा फुगून दोऱ्यासारख्या वर आल्या होत्या.

पाण्याचे घमेले कोपऱ्यात होते. त्याच्या कडांना हिरवे शेवाळ, तळाला बोटभर गढूळ पाणी आणि त्यात भिजून फुगलेली बिस्किटे. आमच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून पतींनी त्या सशाचे कान हलके हलके पुसले, त्याला शेडबाहेर झाडाच्या सावलीत नेऊन ठेवले आणि कर्मचाऱ्याला गोणपाट ओले करून आणायला सांगितले. त्या मुलाने लगेच आणले. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. विशीच्या आतबाहेरचा मुलगा, एकटाच, सकाळपासून उभा. “काका, मला पण वाईट वाटतं. पण सावलीत नेले तर सुपरवायझर ओरडतात,” असे तो म्हणाला. कृपया या पत्रावरून त्या मुलाला कामावरून काढू नये. चूक त्याची नाही, त्याला दिलेल्या हुकमाची आहे.

दाराशी ‘सशाचा खाऊ’ म्हणून ५० रुपयांना एक कप विकला जातो. त्यात गाजराचे तुकडे आणि ग्लुकोज बिस्किटांचा चुरा असतो. सशाचे मुख्य अन्न गवत, हिरवे किंवा वाळलेले. गाजरसुद्धा गोड, ते चवीपुरतेच द्यावे. बिस्किटांनी त्याचे आतडे बिघडते, पोट फुगते आणि सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेला अपाय बाहेर पडायला मार्ग नसतो. रविवारी किती कप विकले जातात याचा हिशोब आपल्याकडे असेलच. तो सगळा माल त्या तीस पोटांत जातो. शेडमध्ये गवताची एक काडी आम्हाला दिसली नाही.

आत मुलांना कोणी काही सांगत नव्हते. आमच्यासमोर एका मुलाने सशाला कान धरून उचलले, दुसऱ्याने पुढच्या दोन पायांना धरून लोंबकळवले. सशाचा मागचा भाग हाताने पेलला नाही तर तो जोराने लाथा झाडतो आणि त्या झटक्यात त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. हे दोन ओळींत लिहून दारावर लावता येते. दारावर फक्त ‘तिकीट अहस्तांतरणीय’ एवढेच लिहिले होते.

आता पालकांच्या काळजीचा भाग. दोन सशांच्या नाकावर आणि एकाच्या पापणीवर गोल टक्कल पडून पांढरा कोंडा धरला होता. एकाच्या कानात तपकिरी खपल्यांचे थर होते आणि तो सारखे डोके हलवत होता. खपल्या कानातल्या गोचिडीसारख्या बारीक किडीच्या असाव्यात आणि टक्कल नायट्याचे असावे, असे पतींचे मत पडले. पक्के निदान पशुवैद्यकाने नमुना तपासून करावे. पण नायटा सशाकडून माणसाला होतो, लहान मुलांना लवकर होतो. झोनमधून बाहेर पडायची वाट थेट फूड कोर्टात जाते. वाटेत एक नळ आहे, त्याला साबण नाही. सशांना चोळलेल्या हातांनी मुले समोर वडापाव खात होती. ज्या आईबापांना आम्ही थांबवून सांगितले, त्यांनी मुलांना बाटलीच्या पाण्याने हात धुवायला लावले. हे सांगण्याचे काम तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांचे नव्हते.

यानंतर आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या सुपरवायझरांनी पतींना विचारले, “तुम्ही डॉक्टर आहात का?” ते म्हणाले, पशुधन पर्यवेक्षक आहे. त्यावर उत्तर मिळाले, “ससेच आहेत हो. उन्हाळ्यात मरतातच. एजंट आठवड्याला नवीन आणून देतो.”

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकले आहे आणि या पत्राचे मूळ कारण तेच आहे. तो तोंड उघडलेला पांढरा ससा संध्याकाळपर्यंत जगला की नाही, हे आम्हाला माहीत नाही. विचारले तेव्हा कोणी सांगितले नाही. माझी पहिली मागणी हीच, की गेल्या वर्षभरात त्या शेडमध्ये किती ससे आणले, किती मेले आणि कशाने मेले, याची नोंद आपण मला लेखी कळवावी. नोंदच ठेवली जात नसेल तर तसे लिहून द्यावे.

शेडची दुरुस्ती अवघड नाही. आपल्याकडे कोंबड्या पाळणारा साधा शेतकरी उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचे पाचट अंथरतो, वरून चुना मारतो, बाजूला ओली बारदाने सोडतो. पक्षी मेला तर त्याचे नुकसान होते, म्हणून तो हे करतो. आपल्या फूड कोर्टाला एसी आहे. त्या एसीच्या एका महिन्याच्या बिलात या शेडला पाचट, पाण्याचे बारीक तुषार सोडणारा फॉगर आणि दोन पंखे नक्की बसतील. दुपारी बारा ते चार झोन बंद ठेवावा. बाकी वेळी एका वेळेला दहा माणसे आत सोडावीत, ससे मांडीवर घेऊन बसायला बाक असावेत, आणि ज्या सशाला माणसांत यायचे नाही त्याला आत जाऊन बसता येईल अशी लाकडी खोकी असावीत. बिस्किटे आजपासून बंद करावीत. खाऊ विकायचाच असेल तर लसूणघास किंवा मेथीची जुडी विका, मुलांना तेवढाच आनंद होईल.

पोनीबद्दल थोडक्यात. राइड आमच्या तिकिटात होती, पण आम्ही ती घेतली नाही. खोगीर सरकले तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जखम दिसली, माशा बसत होत्या. जखम भरेपर्यंत त्या पोनीला खोगीर चढवू नये.

फोटोसाठी ठेवलेला निळा-पिवळा मकाव हा दक्षिण अमेरिकेतला पोपट. त्याच्या पंखांची उडण्याची पिसे कातरलेली आहेत आणि छातीवरची पिसे जागोजागी उपटलेली आहेत. थव्याने राहणाऱ्या या पक्ष्याला एकटे ठेवले, ताण दिला, की तो स्वतःची पिसे उपटू लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजातींची नोंदणी बंधनकारक झाली आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आपल्या मकावची नोंदणी झालेली असल्यास तिची प्रत पाठवावी. तिकीट लावून प्राणी दाखवायचे तर प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालील २००१ च्या नियमांनुसार वेगळी नोंदणी लागते. तीही पाठवावी. याच कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा धरला आहे. आम्ही त्या शेडमध्ये जे पाहिले ते या शब्दांत नेमके बसते.

आता पैशांचे. ‘कपल कॉम्बो’ आम्ही ३,४०० रुपयांना घेतला. आपल्या मराठी जाहिरातीत पाच मोठ्या राइड्सची नावे आहेत. त्यांतल्या तीन बंद होत्या. दोन ‘मेन्टेनन्स’साठी, तिसरीचे कारण कोणालाच सांगता आले नाही. तिकीट खिडकीवर किंवा वेबसाइटवर याची सूचना नव्हती. मकावसोबतचा फोटो कॉम्बोत ‘मोफत’ होता. प्रत्यक्षात तो ‘फक्त सॉफ्ट कॉपी’ असल्याचे सांगून छापील प्रतीचे २५० रुपये घेतले आणि सॉफ्ट कॉपी आजवर आलेली नाही. खाऊचा कपही कॉम्बोत धरलेला होता, त्याचेही ५० रुपये वेगळे घेतले.

परतावा मागितला तेव्हा खिडकीवर तिकिटाच्या मागची बारीक इंग्रजी ओळ दाखवण्यात आली: राइड्स उपलब्धतेनुसार, पैसे परत मिळणार नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जाहिरातीतल्या दाव्याला खोडून काढणारी तळटीप चालत नाही आणि तळटीप दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपला दावा मोठ्या अक्षरांत मराठीत होता. माझ्या शेजारी रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना ती इंग्रजी ओळ वाचता येत नव्हती आणि ते नातवंडांची पाच तिकिटे काढत होते.

तेव्हा कॉम्बोची अर्धी रक्कम १,७०० रुपये, अधिक फोटो व खाऊचे ३०० रुपये, असे एकूण २,००० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. त्याऐवजी पुढच्या भेटीचे फ्री पास नकोत. शेड आहे तसे असताना आम्ही तिथे पुन्हा येणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. सशांच्या बाबतीत मात्र मी १५ दिवस थांबणार नाही. मे महिना चालू आहे. या पत्राची प्रत आणि फोटो आजच जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे पाठवत आहे. त्यांचे लोक पाहणीला येण्याआधी शेडवर पाचट पडले, घमेले घासले गेले आणि पशुवैद्यकाने सगळे ससे तपासले, तर मला ते हवेच आहे. त्या कामात माझे पती सुट्टीच्या दिवशी येऊन विनामोबदला मदत करायला तयार आहेत. तसे त्यांनी त्या दिवशी कार्यालयातही सांगितले होते. फोन सायंकाळी सहानंतर करावा.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता, मोबाइल व बुकिंग क्रमांक स्वतंत्र कागदावर जोडला आहे)

सोबत: तिकिटाची व पावत्यांची प्रत, जाहिरातीची प्रत, पेटिंग झोन, पाण्याचे घमेले, सशांचे कान व नाक, पोनीची पाठ आणि मकाव यांचे फोटो, पांढऱ्या सशाचा व्हिडिओ.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी.