ताई, तुम्ही मागायला लावलं नाहीत

ताई,

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तरी मधेच "बरं, तो तक्ता झाला का?" असं विचारता येणार नाही.

तुमच्याआधी मी जिथे जिथे अर्ज केले, तिथे भिंतीवर 'पर्यावरणीय न्याय' ठळक अक्षरांत असायचा: प्रदूषणाचा भार गरीब-दुबळ्यांच्याच माथी नको, असा त्याचा अर्थ. मानधनाचं विचारलं की मात्र आवाज खाली यायचे. "इथे शिकायला मिळतं, हे काय कमी आहे?" एका साहेबांनी तर हसत हसत सुनावलं की तळमळ असणारी माणसं पैशाचं विचारत नाहीत. नाइलाजाने त्यांच्याकडेही काही काळ राबले. नकाशे रंगवले, लोकांच्या मुलाखती ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढला. अहवाल छापून आला तेव्हा शेवटच्या पानावर "व इतर इंटर्न" एवढीच आमची दखल. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती: अगदी तळाला लोकांना नुसतं खेळवणं, अगदी वर निर्णय खरोखर त्यांच्या हातात. ती शिडी त्या कार्यालयात प्रत्येकाला तोंडपाठ. आपला इंटर्न त्यातल्या कितव्या पायरीवर लटकतोय, हे बघायला कुणी वाकलं नाही.

आणि मग तुमचं पत्र आलं. मानधनाचा आकडा पहिल्याच परिच्छेदात, प्रवासखर्च वेगळा. मी ते पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. तिला वाटलं, काहीतरी फसवाफसवी असणार.

पण मला सांगायचंय ते रुजू झाले त्या दिवसाचं. तुम्ही खणातून एक पाकीट काढलंत आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलंत. "पहिल्या महिन्यात खर्च आधी येतो आणि पैसे नंतर. हे आगाऊ आहे, सही मागाहून कर." एवढं बोलून लगेच खुर्ची वळवलीत आणि तापमापकाची दांडी खोलून बघायला लागलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तेव्हा वाटलं, कामाची घाई असेल. आता कळतं की माझा चेहरा मला सावरता यावा, म्हणून तुम्ही पाठ फिरवली होतीत. बसचा पास, भर उन्हात हिंडायला धड बूट, सगळं त्या पाकिटातून झालं. पण पैसे देणारे पुष्कळ असतात. घेणाऱ्याला ओशाळं वाटू न देता देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

बिनपगारी इंटर्नशिपमध्ये टिकतं कोण? ज्याचं घरभाडं दुसरं कुणी भरतं तो. मग कचराडेपोच्या वाऱ्याला वाढलेली मुलं कचराडेपोच्या अभ्यासात यायची कुठून? २०१५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न तलावाकाठी तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली. चार दिवस सगळे हळहळले. त्याच्या आधीच ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांची बातमी होत नाही.

तुम्ही मला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराची गोष्ट सांगितलीत ती याच ओघात. १९७९ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून शहरातला कचरा कुठे कुठे टाकला गेला याचा माग काढला. महापालिकेचे पाचही कचराडेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाले, कचरा जाळायच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तिथेच. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय होते जेमतेम पाव हिस्सा. याच माहितीच्या आधारे रहिवाशांनी कचराडेपोविरुद्ध लढलेला खटला पुढे ते हरले, पण पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासाचा पाया तिथे पडला. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यात विद्यार्थ्यांचे हात होते, हे लक्षात ठेव." आमच्या आधीच्या साहेबांनाही ही गोष्ट माहीत असणार, नाही असं नाही. ते ती भाषणात सांगायचे.

पुढचं काम तुम्हाला माहीतच आहे, फार लिहीत नाही. एक मात्र लिहिते. वस्त्या किती तापतात ते मोजायचं होतं; आम्ही सकाळी गार वेळेत मोजण्या उरकायला निघालो होतो, तर तुम्ही अडवलंत. "लोक भाजतात दुपारी, आणि तुम्ही मोजणार सकाळी?" अमेरिकेतल्या १०८ शहरांचा २०२० मधला तो अभ्यास तुम्हीच वाचायला दिला होतात. १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंगवून ज्या वस्त्यांना कर्ज नाकारलं गेलं, त्या आजही इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापतात. झाडं कमी, डांबर जास्त. वाचताना ते आकडे होते. पत्र्याखाली दांडी धरून उभं राहिल्यावर पारा चढताना दिसला, आणि शेजारची आजी म्हणाली, "यंत्र कशाला लागतं गं, मला विचार की." तिचं ते वाक्य अहवालातून काढून टाकावं असं वरून सुचवलं गेलं. तुम्ही ठेवलंत. मोजणी करणाऱ्यांची नावंही पहिल्या पानावर छापलीत.

चांगुलपणाला फार मोठा निधी लागतो असं मला उगाच वाटायचं. तुमच्या कार्यालयात तर प्रिंटरसुद्धा उधारीचा होता. ज्यांनी मला फुकट राबवलं, त्यांच्या बैठकीच्या खोलीत मात्र दोन दोन एसी होते. असो. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पत्र तुमचं राहणार नाही.

दुपारच्या मोजण्यांचा तक्ता तारखेवार लावून पाठवलाय, कोरे रकाने पिवळे केलेत. पुढच्या तुकडीला सांगा, तीन नंबरच्या दांडीचा स्क्रू सैल आहे, चिकटपट्टी लावल्याशिवाय बाहेर काढू नका. आणि पाकिटावरची ती सही अजून राहिलीच आहे. सोमवारी येऊन करते.

तुमची इंटर्न