काकाजींना सांगा, कामही करते

ग्लॉस्टर, इंग्लंड,
नोव्हेंबर अखेर

तीर्थरूप बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीलाही माझा नमस्कार सांगा.

हे पत्र दादाच्या फोनवर पाठवतेय. त्याने अर्जुनीला गेल्यावर झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणावं, कारण मोबाईलवर बाबा तीन ओळी वाचतात आणि "बरं आहे म्हणते" म्हणून फोन परत देतात, हे मला माहीत आहे.

मी मजेत आहे. दोन्ही वेळा जेवते, भात रोज होतो, लाखोळीची डाळ अजून शिल्लक आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि आजीने दिलेली शाल अंगावर असते. हा विषय इथेच संपला.

आता काकाजींचं. लहानीने मला सांगितलं की मंडईच्या जत्रेच्या दिवशी चारचौघांत ते म्हणाले, "पोट्टी तिकडे नोकरी करून राहिली का पाखरं मोजून राहिली?" माझ्या स्टेटसवर पक्ष्यांचेच फोटो दिसतात हे खरं. वॉर्डातले फोटो टाकायची परवानगी नाही, मग दुसरं काय टाकू? इथे हॉस्पिटलात आमची ड्यूटी बारा-साडेबारा तासांची असते, त्यामुळे आठवड्यातले तीन-चारच दिवस काम. उरलेले दिवस सुट्टीचेच. त्यातल्या एका सकाळी कालव्यावर गेलं म्हणजे नोकरी बुडाली असं होत नाही. काकाजींना हे समजावून सांगायला वेळ लागेल, पण सांगा.

आणि आई, "एकटी कायले जातेस पान्यापाशी" हेही ऐकलं. अगं, ही नदी नाही. नदी सेव्हर्न, ती वेगळी, तिला समुद्राच्या भरतीचं पाणी जोरात चढतं, जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. तिच्या काठाला मी जात नाही. जहाजांना ती नदी धोक्याची म्हणूनच शार्पनेसपासून ग्लॉस्टरपर्यंत हा कालवा खणला, 1827 साली सुरू केला. पाणी संथ, बाजूने सरळ पायवाट, तिच्यावर कुत्री फिरवणारे म्हातारे आणि पळणारी माणसं. तलावाच्या पाळीवर बाभळीतून वाट काढत आम्ही शाळेत जायचो त्यापेक्षा ही वाट सोपी आहे. शिवाय या दिवसांत उजाडायलाच साडेसात होतात. अंधारात मी जात नाही, लिहून देते.

तिथे मी बघते तो खंड्या. छोटा, निळा, पोटाला नारिंगी, आपल्या बोडीच्या पाण्याकाठी बसतो तोच. अगदी तोच, जातसुद्धा एक. आपल्याकडे एका सकाळी तीन प्रकारचे दिसायचे आणि कोणी मान वर करून बघत नसे. पांढऱ्या छातीचा विजेच्या तारेवर, त्याला पाणीही लागत नाही, नाकतोडा मिळाला तरी भागतं. काळा-पांढरा कवड्या तलावाच्या मधोमध हवेत एकाच जागी फडफडत थांबायचा आणि दगड पडावा तसा खाली यायचा. आणि हा छोटा, बेशरमच्या झुडपाच्या फांदीवर. इथे अख्ख्या इंग्लंडात राहणारा हा एकच, आणि तो दिसला की माणसं आठवडाभर सांगत फिरतात. माझ्यासोबतच्या सिस्टरने वयाच्या पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता. मी गावाकडचे फोटो दाखवले, तर तिला वाटलं आमचं गाव म्हणजे अभयारण्यच. मीही नाही म्हटलं नाही.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही, ती नीट सांगते. पक्षी बघायच्या जागी लाकडी खोपटी बांधलेल्या असतात, तिला हाईड म्हणतात. आत एक लांब बाकडं आणि भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी, फटीला फळीचं झाकण. आत जाताना दार असं लावायचं की आवाज होता कामा नये. आत आधीच पाच-सहा जण बसलेले असतात, आणि कोणीच कोणाशी बोलत नाही. कोण, कुठले, काय करता, काहीच विचारत नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं कोणी वारलं की काय. मी आपली "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर एका आजोबांनी नुसती भुवई उचलली. नंतर कळलं, तेच उत्तर होतं. बोलायचंच असेल तर कुजबुजत दोनच शब्द विचारायचे, म्हणजे "काही आहे का?" त्यावर समोरचा म्हणणार, "फारसं नाही." समोर पाण्यावर दोनशे बदकं असली तरी "फारसं नाही"! बदकं हिशेबात धरत नाहीत. खोकला आला तर माफी मागायची. हात फटीबाहेर काढायचा नाही, बोट दाखवायचं नाही. मग खंड्या कुठे आहे हे सांगायचं कसं? तर घड्याळ समोर ठेवल्याचं समजायचं आणि "दहा वाजता, वाकलेल्या काठीवर" असं कुजबुजायचं. सकाळचे नऊ वाजलेले असताना मला कोणी "दहा वाजता" म्हटलं, तर मी तासभर थांबायच्या तयारीने डबा उघडला. डब्यात पोहे होते, त्याचा वास सगळ्या खोपटीत. तरीही कोणी काही बोललं नाही! निघताना आपल्या फटीचं झाकण लावायचं, आणि भिंतीजवळच्या वहीत काय दिसलं ते तारीख घालून लिहायचं. ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, ती माणसं वहीत चार-चार ओळी लिहितात. मचाणावर बसून आपले लोक रानडुकरांपासून शेत राखतात तेव्हा रात्रभर गाणी म्हणतात, आणि हे उजेडी मुके. पण खरं सांगू, रात्रपाळीत बारा तास बोलून आल्यावर तिथे बसणं बरं वाटतं. कोणी काही विचारत नाही हेही कधीकधी चांगलं असतं.

बाबा, कॅमेऱ्याचं. तो जुनाच घेतला, लेन्सही जुनीच, नव्याच्या निम्म्याहून कमीत. किंमत फोनवर सांगीन. आधी तो पक्षी पुढून निघून जायचा आणि फोटोत नुसतं पाणी यायचं. आता कळलं की त्याच्या मागे धावायचंच नाही. आधी त्याची शिट्टी ऐकू येते, बारीक आणि तीक्ष्ण, मग निळी रेघ पाण्याला लागून जाते. तो ठरलेल्या दोन-तीन फांद्यांवरच येऊन बसतो, तेव्हा फांदीवर फोकस लावून ठेवायचा आणि शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. इथे उजेड इतका मरतुकडा की फोटोत दाणे उठतात. ढग असले की त्याचा निळाही मळकट दिसतो, कारण तो रंग पिसांत मिसळलेला नसतोच, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड जसा परततो तसा दिसतो. आपल्याकडच्या मार्गशीर्षातल्या उन्हात हाच पक्षी काय दिसेल! चोच सगळी काळी असेल तर नर, खालची नारिंगी असेल तर मादी, हे दादाला सांगा, तो बोडीवर बघून कळवेल. अजून एक. मासोळी पकडली की तो ती फांदीवर आपटून मारतो आणि डोक्याकडून गिळतो. पण विणीच्या दिवसांत कधी मासोळीचं डोकं चोचीच्या बाहेरच्या बाजूला धरलेलं दिसतं. तशी धरली असेल तर ती त्याच्यासाठी नसते, मादीला नाहीतर पिलांना न्यायची असते.

घरट्याचे फोटो मात्र मी काढत नाही. इथे 1981 चा कायदा आहे, खंड्याला घरट्यापाशी त्रास दिला तर गुन्हा, फोटोसाठी जवळ जायचं तरी आधी परवाना लागतो. म्हणजे पोलीस येतील ही काळजीही नको.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी जागा म्हणजे स्लिमब्रिज, इथून जवळच. पीटर स्कॉट नावाच्या माणसाने 1946 मध्ये पाणपक्ष्यांसाठी उभारली. दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेत गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा. हिवाळ्यात रशियाच्या उत्तर टोकाकडून तिथे हंस येतात. त्यांच्या चोचीवर पिवळ्या-काळ्या रंगाची नक्षी प्रत्येकाची वेगळी, आणि 1964 पासून तिथली माणसं त्यावरून एकेक हंस ओळखतात, नावं ठेवतात. कोण जोडीने आला, कोण यंदा एकटाच आला, सगळं लिहिलेलं. फाटकावर तिकीट मात्र लागतं. पाण्यातली पाखरं बघायला पैसे मोजले हे काकाजींच्या कानावर जाऊ देऊ नका.

आपल्या तलावावर यंदा काय आलंय? हळदी-कुंकू बदकं, अडई, वारकरी, सिंगाड्याच्या पानांवर चालणारे कमळपक्षी, हे तर असतीलच. सारस धानाच्या बांध्यांत दिसले का? महाराष्ट्रात ते आता बहुतेक आपल्या गोंदियाकडेच उरलेत, तेव्हा दिसले की दादाने लांबूनच फोटो काढावा, हाकलायला पोरं पाठवू नये. आणि उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढायला जेसीबी लावणार म्हणता, तर चारही बाजू उतरत्या करू नका. एक काठ उभा राहू द्या, मोहाच्या झाडाच्या बाजूचा. खंड्या तशाच उभ्या मातीत बीळ करतो, हातभर आत. बेशरम सगळं उपटा, त्याला माझी ना नाही. जेसीबीचे तास किती होतील ते विचारा, अर्धे पैसे माझे.

पैशांवरून आठवलं. या महिन्यात दादाच्या खात्यात थोडे जास्त टाकलेत. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज फेडा, ट्रॅक्टरचं नंतर बघू. धानाचे चुकारे यायला दरवर्षी उशीर होतो, त्यावर विसंबून कोणाला शब्द देऊ नका. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मी इथूनच भरते, त्याची चिंता नको. मला इथे काही कमी पडत नाही. ओव्हरटाइम मी मागून घेते, कोणी लादत नाही.

साकोलीकडचं स्थळ लहानीसाठी चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात. मग माझ्यासाठी ते अडवू नका. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं, असं आजी म्हणेल, आणि गल्लीतले लोकही म्हणतील. आजीला मी फोनवर समजावीन. लोकांना तुम्ही समजवा, कारण ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हालाच, मला इथे कोणी काही म्हणत नाही. नागपूरच्या इंजिनिअरचा फोटो पाहिला. मुलगा वाईट नाही. पण त्यांना एवढंच सांगा की मुलगी दोन वर्षं तरी परत येणार नाही, आणि त्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा. माझ्याकडून नकार असं म्हणू नका. होकारही म्हणू नका.

लहानीचा मुहूर्त फेब्रुवारीत धरला तर मला रजा मिळणं अवघड आहे. हिवाळ्यात इथे पेशंट जास्त, त्या महिन्यांची रजा आधीच वाटली गेली. अक्षयतृतीयेच्या आसपास धरा, मी तीन आठवडे येईन, अर्ज लिहून ठेवलाय. त्यांच्याकडची मंडळी अडून बसली तर फेब्रुवारीतच करा, माझ्यामुळे पुढे ढकलू नका, मी व्हिडीओवर बघीन. पण आधी एकदा विचारून तरी बघा. सोन्याचा भाव थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा मंगळसूत्र आणि पाटल्या आताच घ्या, भंडाऱ्याच्या आपल्या नेहमीच्या सोनाराकडून, पावती घेऊन. पाटल्या माझ्याकडून. आई म्हणेल माझ्यासाठी ठेवलेल्या आहेत त्याच दे. त्या नको, त्या तिथेच राहू दे. नवीन घ्या आणि किती लागले ते दादाने मला त्याच दिवशी कळवावं.

तुमची,
मोठी