लाल रंगाची कबुली

प्रिय सखे,

पत्रास कारण की, तुझा लाल रंग मी घालवला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि नेमका मुद्दा टाळीन. तू मला ओळखतेसच.

तीन वर्षांपूर्वी आपण शेडमागच्या वाफ्यात मॅडर लावलं होतं, मुळांतून लाल रंग मिळावा म्हणून, आठवतंय? तू त्याला मंजिष्ठाच म्हणत होतीस आणि मी दर वेळी 'मंजिष्ठा नव्हे गं, तिची बहीण' म्हणून तुला टोकत होते. मुळं कधी काढायची विचारलंस, मी तीन वर्षांनी म्हटलं, तर हातातलं खुरपं टाकून हसत बसलीस. पहिल्या लाल लोकरीचा स्वेटर तुला, असा शब्द मी त्याच दिवशी दिला होता. तर तीन वर्षं भरली. पानगळ लागली, वाफ्यावरचा पाला पिवळा पडून आडवा झाला, आणि पाऊस होऊन माती मऊ असतानाच आम्ही दोघांनी फावडी घेतली.

सखे, ते खणणं तू बघायला हवं होतंस. मुळं पेन्सिलीएवढी जाड, पण जिथे लावली तिथे थोडीच राहतात! वाफा सोडून वाटेखाली गेलेली, कुंपणापलीकडे निघालेली. वरून अगदी मातकट, लक्ष जाऊ नये अशी. आणि मोडलं की आत लख्ख केशरी. दोन दिवसांत माझी नखं अशी झाली की चहाचा कप धरताना मलाच दुसऱ्या कुणाचे हात वाटायचे. धुवून, तुकडे करून, जाळीवर वाळवली, तर चार टोपल्यांची दोन किलो भरली. चांगला लाल हवा तर लोकरीच्या वजनाइतकी सुकी मुळं लागतात, म्हणजे दोन किलो लोकर, शंभर ग्रॅमच्या वीस लडी. दहा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, उन्हाळ्यातच कबूल केलेल्या. दहा तुझ्या.

तुझ्या मी आधी घेतल्या. इथेच चुकलं.

तयारीत कसूर नव्हती गं. रंग पक्का बसावा म्हणून किलोभर लोकरीला दीडशे ग्रॅम तुरटी, सावकाश तापवून रात्रभर त्याच पाण्यात निवायला ठेवलेली. साठवलेलं पावसाचं पाणी फारच मऊ, त्यात नुसता नारिंगी येतो, म्हणून चमचाभर खडूची पूडही टाकली. सकाळी हंडा चुलीवर, थर्मामीटर आत, पारा साठावर. मॅडरचं सगळं गणित एवढंच, की सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलं की मुळातला तपकिरी रंग सुटतो आणि लालाला गिळून टाकतो. मी स्टूल टाकून बसले. लडी हळूहळू लाल होत होत्या, अगदी तुला हवा होता तसा.

आणि नेमका तेव्हा एडका सुटला.

त्याचं असं आहे, की हा महिना त्याचा. मेंढ्या पाच महिन्यांनी वितात, म्हणजे आत्ता एडका सोडला की कोकरं थंडी सरता सरता येतात. कुठली कधी फळली ते कळावं म्हणून त्याच्या छातीला गेरूसारखा रंग तेलात कालवून चोपडतात, म्हणजे ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर ठसा उमटतो. मेंढी सतरा दिवसांनी पुन्हा माजावर येते, तोवर आपण रंग बदलायचा. दुसऱ्या रंगाचा ठसा दिसला की समजायचं, ही उलटली, म्हणजे आधी फळलीच नव्हती. आधी फिका रंग, मग गडद, नाहीतर वरचा दिसतच नाही. आमच्यासारख्या सूत रंगवणाऱ्यांच्या घरी या प्रकाराचं हसूही येतं आणि रागही, कारण तो ठसा लोकरीतून सहजी निघत नाही. कातरताना मागचा तेवढा भाग बाजूलाच काढावा लागतो. वर्षभरात आमच्याकडचा सगळ्यात पक्का रंग एडकाच लावतो!

तर हा बाबा कुंपण मोडून बाहेर पडला होता, ज्या तरण्या मेंढ्या यंदा ठेवायच्या नव्हत्या त्यांच्यात. आम्ही दोघं मागे धावलो. वीस मिनिटं म्हणता म्हणता तासाच्या वर गेला. परत आले तर हंडा खदखदत होता. बादलीभर गार पाणी ओतायचा मोह झाला, पण तसं केलं असतं तर लोकर आकसून नमदाच झाला असता. मुकाट जाळ ओढला आणि निवेपर्यंत तिथेच बसून राहिले. संध्याकाळी लडी बाहेर काढल्या तर विटेचा रंग. भाजलेल्या, जुन्या विटेचा.

आमच्या घरच्या विद्वानाने त्याच रात्री मला ऐकवलं, की मॅडरमधलं लाल रंगद्रव्य, अलिझरिन, ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1868 मध्येच कृत्रिम बनवलं. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या पर्किननेही स्वस्तात करायची रीत शोधली, पण त्याचा पेटंटचा अर्ज जर्मनांच्या एक दिवस मागून पोचला. थोड्याच वर्षांत मॅडरची शेती बसली. म्हणाला, 'तू ज्यासाठी तीन वर्षं थांबलीस, ते दीडशे वर्षांपूर्वीच सुटलेलं आहे.' मी म्हटलं, मग कुंपण कुणी नीट बांधलं नव्हतं, तेवढं सांग. गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा हंडा लावला. स्टूलवरून उठलेच नाही, कोण सुटलं न् कोण पळालं बघितलं नाही. रंग असा आला की दोरीवर लडी वाळत होत्या तर येता-जाता मीच थांबत होते. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, 'मागच्यासारखाच येईल ना?' आता मागचा मॅडर विकतचा, त्याचं पाणी वेगळं, हंडा वेगळा. तसाच कसा येईल? पण येईल म्हटलं, काय करणार.

निळीचं काही लिहीत नाही. थंडीच्या कडाक्याआधी पानं काढली, पिंप भरलं, वासाने मांजरही शेडमध्ये येईनासं झालंय.

तुझ्या दहा लडी तशाच आहेत. दिवसाउजेडी नेऊन पाहिल्या तर वाईट नाहीत, खरं सांगते. पण तुला लाल सांगितला होता. उरलेल्या पाण्यात आणखी दोन लडी बुडवल्या, त्यांना फिका नारिंगी आलाय. काठाला शोभेल. वाफ्यात मुळांचे तुकडे परत पुरून ठेवलेत, त्यांचा हिशेब तूच कर.

तपकिरी चालेल का ते लवकर कळव. विद्वानाचा त्या लडींवर डोळा आहे, आणि मी अजून तरी नाही म्हणतेय.

तुझीच,
शेडमधली रंगारीण

ता. क. त्या तरण्या मेंढ्यांपैकी तिघींच्या पाठीवर पिवळा ठसा सापडला.