काटोलले जाऊ

महाल, नागपूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजीसाठी तू पाठवलेल्या वृद्धाश्रमांच्या यादीतल्या दोन ठिकाणांनी फोनवरच नकार दिला. "स्वतःचं स्वतः करणारेच घेतो." बरेच वृद्धाश्रम असेच असतात, हे मला आत्ता कळलं. उरलेल्या दोन जागा तुझी आई आणि मी पाहून आलो.

पहिली दिसायला झकास. लिफ्ट, बाग, खोलीत एसी (आपल्या मे महिन्यात ती चैन नव्हेच). सकाळी अकराला सगळे न्हाऊनमाखून बसलेले. पण आजीचं खरं सुरू होतं ते पाच वाजता. ऊन कललं की दाराशी जाते, "चाल, काटोलले जाऊ, माय वाट पाह्यत असन." या विसरण्याच्या आजारात (डिमेन्शियात) संध्याकाळी असं होतं, म्हणतात डॉक्टर. म्हणून पुढच्या आठवड्यात न सांगता साडेपाचला तिथे गेलो. एक बाई दार ठोठावत होत्या आणि अटेंडंट मोबाइलमधून मान वर न करता ओरडली, "बैठो ना चुपचाप!" मी तसाच परत फिरलो.

दुसरं जुनं बैठं घर, रंग उडालेला. तिथेही संध्याकाळीच गेलो. एक आजोबा सारखी गाडीची वेळ विचारत होते आणि मावशी त्यांचा हात धरून अंगणात फिरवत "येतेच आहे" म्हणत होती. रात्री किती माणसं असतात, गप्प बसवायला झोपेची गोळी देता का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का, सगळं विचारलं. उत्तरं सरळ मिळाली. तिथे नाव घालून ठेवलंय.

पण आत्ता नाही. विसरण्याचं दुसरं काही कारण असेल म्हणून थायरॉइड, बी-१२ तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. विसरण्यावरची गोळी चालू आहे. तिने आजार थांबत नाही, काही दिवस जरा बरे जातात, इतकंच. आधी मी वाद घालायचो, "आई, हेच तुझं घर, पन्नास वर्षं झाली." ती चिडायची, मग मीही. आता तिच्या पायात चप्पल सरकवतो, टिळक पुतळ्यापर्यंत जातो आणि परत येऊन म्हणतो, "आलं बघ घर." बहुतेकदा पटतं.

तुझी आई रात्री तीन-तीनदा उठते. "मी करते" म्हणायची आणि मी दोन वर्षं तिला करू दिलं, ही चूक माझी. एक तारखेपासून ब्युरोची बाई रात्री आठ ते सकाळी आठ येईल. मराठी बोलणारीच मागितली, आजीला आता हिंदीत उत्तर सुचत नाही. आजी रात्री एकटी रस्त्यावर सापडली किंवा तुझ्या आईने अंथरूण धरलं, तर मात्र ते बैठं घर. तेव्हा "आजीला टाकलं" हा शब्द कुणी काढायचा नाही. तू नाही, तुझी आत्याही नाही.

व्हिडिओ कॉलवर "ओळख पाहू, मी कोण?" असं विचारू नकोस गं. फोन ठेवल्यावर ती तासभर चादरीचं टोक पिरगाळत बसते. "आजी, मी सई," म्हण आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीचा विषय काढ. "घेऊन जा गे मारबत" अजून खणखणीत म्हणते.

पोळ्याला येताना तिच्यासाठी दोन गाउन आण, समोरून बटणांचे. डोक्यावरून कपडा घातला की घाबरते.

तुझा,
बाबा