माहिती फुटल्याचा मेसेज मराठीत द्या

मा. संपादक,

खानापूर तालुक्यातील आमच्या बचत गटातल्या बायकांनी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले आहे. गेल्या महिन्यात कंपनीचा सगळ्यांना इंग्रजीत मेसेज आला. जाहिरात समजून बहुतेकींनी तो पुसून टाकला. मी मुलाकडून वाचून घेतला, तेव्हा कळले की ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे. कोणती माहिती, कधी गेली, आम्ही काय करायचे, यावर एक अक्षर नव्हते.

मग फोन सुरू झाले. फोन करणारा अस्खलित मराठी बोलतो. नवऱ्याचे नाव, हप्त्याची तारीख, आधारचे शेवटचे चार आकडे घडाघडा सांगतो आणि ‘केवायसी’साठी ओटीपी मागतो. गटातल्या एका मावशींनी तीन आकडे सांगितलेही; सुनेने हातातून फोन काढून घेतला म्हणून वाचल्या. एवढे सगळे ठाऊक असलेला माणूस कंपनीचाच, असे कुणालाही वाटेल. मावशींना बोल लावणाऱ्यांचा मला राग येतो.

ओटीपीबद्दल आता सगळे सांगतात, अंगठ्याबद्दल कुणी बोलत नाही. आधारवरून पैसे काढताना बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की काम होते, ओटीपीची गरजच नसते. २०२३ मध्ये नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे वापरून खाती रिकामी केल्याच्या तक्रारी बंगळूर पोलिसांकडे आल्या होत्या. पिन बदलता येतो, बोट कुठून बदलणार? म्हणून आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचे ठसे, लॉक करून ठेवावे. रेशन दुकानात अंगठा लागतो म्हणून बायका कचरतात, पण तेवढ्यापुरते ते उघडता येते.

खरी अडचण पुढे आहे. लॉकसाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि आमच्याकडे कित्येकींच्या आधारला नवऱ्याचा नंबर आहे. नवरा गोव्यात कामाला. नंबर बदलायला आधार केंद्र गाठायचे म्हणजे कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईची दिवसाची मजुरी बुडते.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणामुळे रक्कम गेली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात घालून दिला.

माहिती फुटल्यास संबंधितांना कळवावे, असे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत मिळण्याची सोयही त्यात आहे, आणि मराठी त्या परिशिष्टात आहे. मग माहिती फुटल्याची सूचना मराठीत का नको? कर्ज देताना कंपनीची माणसे दारात बसून मराठीतच सगळे समजावून सांगत होती. जिल्हा प्रशासनानेही पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतींत मोबाईल नंबर जोडणीची शिबिरे घ्यावीत. गावातल्या बायका जमवण्याचे काम आमचा गट करेल.

— एका बचत गटाची सचिव, ता. खानापूर, जि. बेळगाव