मित्रास पत्र: मास्क चेहऱ्यावर बसतो का, ते आधी बघ

जळगाव

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

नंदुरबारच्या नव्या हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभाग तुझ्याकडे आला. अभिनंदन फोनवर केलंच, भो. लिहितोय ते पीपीई किटबद्दल, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा मास्क, गाऊन, हातमोजे वगैरे. कोरोना गेला, आता कशाला, असं तुला तिथे ऐकवतील. ऐकू नकोस.

साथीच्या सुरुवातीला बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं, किट कोविड वॉर्डातल्यांसाठी. वुहानचा ली वेनलियांग तर डोळ्यांचा डॉक्टर होता. काचबिंदूच्या पेशंटकडून लागण झाली असावी, असं त्यालाच वाटत होतं. तोही फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. तू घसा बघतोस तेव्हा पेशंटचा श्वास थेट तुझ्या तोंडावर येतो. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतो तेव्हा माझंही तेच. ट्रेकिओस्टॉमीला, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवताना, तर आपण दोघंही समोर.

एन-९५ चे खोके आले म्हणजे झालं असं नाही. त्याची गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के अडवते, पण नाकाजवळ फट राहिली की हवा तिथूनच आत शिरते. दाढी असली तरी तेच. आपल्या सिस्टरांचे चेहरे लहान, त्यांना एकच माप कसं पुरणार? म्हणून फिट टेस्ट कर: मास्क लावलेल्याच्या डोक्यावर टोप चढवून आत सॅकरिनचा फवारा मारायचा, गोड चव लागली तर मास्क गळतोय. दोन-तीन मापं मागव. आणि मास्क कुणाला धुऊ देऊ नकोस, स्पिरिटही मारू देऊ नकोस. तंतूंवरचा विद्युतभार गेला की गाळणी निकामी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती किट काढतानाची. आपल्याकडचा मे तुला सांगायला नको. त्यात वॉर्डातला एसी बंद, किटमधून घाम बाहेर जात नाही, चष्म्यावर वाफ. ड्यूटी संपली की माणूस ते अंगावरून ओरबाडतोच, आणि बाहेरची दूषित बाजू नेमकी तेव्हाच हाताला लागते. थकलेल्या माणसाला क्रम आठवत नाही. समोर दुसरं कुणीतरी उभं राहून एकेक पायरी मोठ्याने सांगणारं हवंच. प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ, मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर. सीनिअर सर्जन असला तरी सूट नको. त्याला थांबवायचा अधिकार वॉर्डबॉयलाही दे.

बांधकाम अजून चालू आहे म्हणालास. किट घालायची आणि काढायची खोली वेगळी, दारंही वेगळी, काढायच्या खोलीत बेसिन, एवढं कॉन्ट्रॅक्टरला आत्ताच सांग. भिंती उभ्या राहिल्या की कुणी पाडणार नाही. नकाशा व्हॉट्सअॅपवर पाठव, मी बघतो. फिट टेस्ट शिकवायला एक दिवस काढून येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश