“पानी कोन भरस?” विचारणाऱ्या जिजींना

आदरणीय जिजी,
सादर नमस्कार.

आपण आपल्या मळ्यातल्या कडुनिंबाखाली उन्हाळाभर मला चित्रे काढू दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभाराचे पत्र लिहीत आहे. तापीकाठी झाडांच्या सावलीत वसलेले, फक्त बायांचे एक गाव कल्पून मी चित्रमालिका करायला घेतली होती. पहिल्या तिन्ही चित्रांत बाया नुसत्या बसलेल्या होत्या. केसांत फुले, पायाशी मोर. आपण त्या चित्रांसमोर बराच वेळ उभ्या राहिलात आणि एवढेच विचारलेत, “पानी कोन भरस?”

चित्रकार अमृता शेरगिल यांनी १९३६ मध्ये आपल्या शेजारचा अजिंठा पाहिला आणि त्यानंतर त्यांची चित्रे बदलली, हे मी वाचले होते. हळद दळणाऱ्या बायांचे त्यांचे १९४० चे चित्रही कितीदा न्याहाळले होते. पण माझी नजर झाडांच्या खोडांवर आणि सावलीवरच रेंगाळत असे. दळणारे हात मला आपल्या प्रश्नानंतर दिसले. झाडाजवळ राहणे म्हणजे झाडाखाली राबणेही असते, हे माझ्या कल्पनेतून निसटले होते.

मग आपण मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुद्दाम बोलावून घेतलेत. माहेरवाशिणी जमल्या, खापरावर मांडे झाले, गौराईची गाणी सुरू झाली आणि माझ्या मनातले गाव त्या सणापुरते माझ्यासमोर नांदू लागले. झोका बांधण्याआधी, वर्षानुवर्षे दोर घासून जिथे फांदीची साल गुळगुळीत झाली आहे, तिथे आपण जुन्या लुगड्याची जाड घडी गुंडाळलीत आणि झाडाला दोर काचू नये म्हणून ती दोनदा चाचपून पाहिलीत. निसर्गाशी जवळीक या विषयावर मी पुष्कळ ऐकले आहे. त्या घडीइतके नेमके काही मला आजवर कुणी दाखवले नव्हते.

आता चित्राच्या मध्यभागी विहीर आहे. दोघी पाणी शेंदत आहेत, एक हंडा उचलून देते आहे आणि वरच्या फांदीवर आपली ती लुगड्याची घडी आहे. पुढच्या आखाजीआधी मी ते चित्र घेऊन येईन. पोहऱ्याच्या दोराची गाठ बरोबर उतरली आहे का, तेवढे आपण पाहून सांगावे, ही विनंती.

आपली ऋणी,
कडुनिंबाखालची चित्रकार